दिवाळीच्या सुट्टीत इटलीतली जुनी गावं : गाडी की ट्रेन? (सोबत आई आणि दोन मुलं)

मृद्गंध_पुणे

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या सुट्टीत १२ दिवस इटलीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा आणि सासूबाई. आईंचं वय ६९, तब्येत ठणठणीत आहे पण उजवा गुडघा दुखतो, चढण्यापेक्षा उतरताना जास्त. शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

तीन वर्षांपूर्वी टूरबरोबर युरोप केलं होतं, १० दिवसांत ६ देश, आणि आज मुलीला विचारलं तर तिला फक्त बस आठवते. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी एकच देश, त्यातलाही एकच कोपरा. टस्कनी-उंब्रियाचा पट्टा मनात आहे. लुक्का, सिएना, पिएन्झा, ऑर्व्हिएतो अशी जुनी गावं आणि मधली शेतं.

प्रश्न असा की गाडी भाड्याने घेऊन एखाद्या शेतातल्या घरी मुक्काम करावा आणि तिथून रोज एक गाव बघावं, की ट्रेनने गावं बदलत पुढे जावं? नवरा चालवायला तयार आहे पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेलं नाही. आईंना ही डोंगरावरची गावं झेपतील का? आणि ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर सुरुवात हा काळ कसा असतो? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

सदाफुली

रुमाल टाकतेय. आमचंही पुढच्या वर्षी मनात आहे.

भटक्या_सातारकर

गाडी घ्या आणि एकाच ठिकाणी रहा. आम्ही आई-बाबांना घेऊन सहा रात्री पिएन्झाजवळ एका आग्रितुरिज्मोत राहिलो होतो, त्या सहा दिवसांसारखी सुट्टी पुन्हा झाली नाही.

आग्रितुरिज्मो म्हणजे नुसतं होमस्टे नाही. १९८५ साली तिथे यासाठी कायदा झाला, घर शेतकऱ्याचं असावं लागतं आणि शेती हा मुख्य धंदा चालू असावा लागतो, पाहुणे हा जोडधंदा. त्यामुळे खरोखर शेतात राहता. आमच्या मालकीणबाई सकाळी ऑलिव्ह उतरवायला जायच्या, झाडाखाली जाळ्या पसरून. तुम्ही जाताय तेव्हा नेमका तोच हंगाम असेल. नवं तेल घाण्यावरून आलं की हिरवंगार असतं आणि घशाशी मिरीसारखं झोंबतं, भाजलेल्या पावावर लसूण घासून त्यावर ओतून खायचं. माझ्या बाबांनी आपल्याकडच्या लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आठवून डोळे मिटले होते.

ही दगडी घरं एवढी सुंदर आणि एवढी एकटी का, हे मालकीणबाईंनी सांगितलं. पूर्वी तिथे मेझाद्रिया पद्धत होती, म्हणजे जमीन मालकाची, घर मालकाचं, कसणाऱ्याचं कुटुंब तिथे राहून राबणार आणि पीक निम्मं निम्मं. आपली अर्धेलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहरात कारखान्यांत गेली, घरं ओस पडली, शेवटी १९६४ मध्ये कायद्याने नवे करार बंद केले. आज आपण ज्या खिडकीतून सायप्रसच्या झाडांची रांग बघतो तिथून कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या निम्म्या पिकावर दिवस काढलेत. मला हे कळल्यावर त्या घराकडे बघायची नजरच बदलली.

हिंजवडी_टू_होम

गाडी घ्या पण झेड टी एल समजून घ्या. जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, वेशीवर लाल कडा असलेला गोल बोर्ड आणि वर कॅमेरा. तिथे कुणी थांबवत नाही, शिट्टी वाजवत नाही, तुम्ही आत जाता, बाहेर येता, खूश असता. मग काही महिन्यांनी घरी पत्र येतं. आम्ही एका गावात हॉटेल शोधत एकाच गल्लीत तीनदा शिरलो तर तीन दंड आले, शिवाय गाडीवाल्यांनी प्रत्येक दंडामागे आमचा पत्ता कळवल्याचा चार्ज वेगळा लावला. मॅपवर विश्वास ठेवू नका, वेशीबाहेर गाडी लावा आणि चालत आत जा.

पार्किंगच्या रेघा पाठ करा : पांढरी म्हणजे फुकट, निळी म्हणजे पैसे भरून, पिवळी म्हणजे आपली नाही (रहिवासी किंवा अपंग व्यक्तींसाठी).

आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथल्या आरटीओतून काढून न्या, भारतीय लायसन्ससोबत ते लागतंच. मुलगा दीड मीटरपेक्षा बुटका असणार, त्याच्यासाठी सीट घेणं सक्तीचं आहे, बुकिंग करतानाच सांगा.

मिलानची_माहेरवाशीण

मी इथे नऊ वर्षं आहे, थोडं वेगळं मत मांडते. भटक्या म्हणतात ते खरं, पण ज्या घरात एकच माणूस चालवणारा आहे आणि तोही पहिल्यांदा उजवीकडून, त्या घरात त्या माणसाची सुट्टी होत नाही. वाल दॉर्चातले (म्हणजे पिएन्झाच्या आसपासच्या खोऱ्यातले) रस्ते वळणांचे आहेत, नोव्हेंबरात सकाळी धुकं असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, त्यानंतर संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. कच्च्या रस्त्यावरून अंधारात शेतघर शोधायचं, मागे मुलं भुकेली. विचार करा.

ट्रेनने लुक्का, सिएना, ऑर्व्हिएतो, पेरुजा हे सगळं होतं. फक्त पिएन्झा आणि मोन्तेपुल्चानोच्या बाजूला बस कमी आणि रविवारी जवळपास नाहीतच.

रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचा हे विसरू नका, तिकीट असूनही दंड होतो.

भटक्या_सातारकर

@मिलानची, धुक्याचं मान्य. पण मग अर्धं अर्धं करा ना. लुक्का ट्रेनने, मधले दिवस गाडीने, शेवट परत ट्रेनने. गाडी फक्त पाच-सहा दिवस.

निशिगंधा

आईंच्या गुडघ्याबद्दल लिहिते कारण माझ्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात आणि आम्ही तिला घेऊन हाच भाग केला.

लुक्का सपाट आहे. अगदी सपाट. गावाभोवतीचा तट शाबूत आहे, चार किलोमीटरच्या वर लांबी, आणि तो इतका रुंद की वर झाडांची दुहेरी रांग आणि मधून रस्ता, लोक सायकली चालवतात, आज्या बाकांवर बसून गप्पा मारतात. चार चाकांची पायडलची गाडी भाड्याने मिळते, त्यात आई मागे बसली आणि नातवंडांनी तिला गावाला प्रदक्षिणा घातली. तिथल्या एका जुन्या मनोऱ्याच्या डोक्यावर चक्क ओकची झाडं आहेत, गुइनिजी टॉवर. मुलं वर, आई खाली आइस्क्रीम घेऊन, सगळे आनंदात.

पिएन्झाही सोपं. लहानसं गाव, मुख्य रस्ता जवळजवळ सपाट. पोप पायस दुसरा तिथे जन्मला, तेव्हा गावाचं नाव कोर्सिन्यानो. पोप झाल्यावर १४५९ पासून त्याने बेर्नार्दो रोस्सेल्लिनो नावाच्या वास्तुविशारदाकडून आपलं जन्मगाव नव्याने बांधून घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. कठड्यावर बसलं की समोर अख्खी दरी. आईला तिथून हलवावं लागलं नाही, आम्हीच तिच्याजवळ दोन तास बसलो.

अवघड म्हणजे मोन्तेपुल्चानो आणि कोर्तोना, सगळा खडा चढ. सिएना मध्यम अवघड, स्टेशनपासून वरपर्यंत सरकते जिने आहेत, पण मुख्य चौकाकडे उतरायचं म्हणजे उतारच, आणि तुम्ही लिहिलंय की आईंना उतार त्रासाचा. दगडी फरशी पावसात निसरडी होते. काठी नक्की न्या, आणि बूट नवे कोरे नकोत.

तांबडा_रस्सा

सिएनाबद्दल मुलांसाठी एक सांगतो. त्या गावाचे १७ मोहल्ले आहेत, कोन्त्रादा म्हणतात, आणि प्रत्येकाचं एक चिन्ह. गोगलगाय, कासव, हंस, सुरवंट, घुबड, जिराफ, साळिंदर, पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती. गल्ल्यांच्या कोपऱ्यावर छोट्या फरशा लावल्यात त्यावरून कळतं कुठल्या मोहल्ल्यात आहोत. आमच्या पोरांना वही दिली आणि सांगितलं १७ शोधा. दिवसभरात १३ मिळाले, चालायची एकदाही कुरकुर नाही, आणि धाकटा अजून स्वतःला सुरवंट मोहल्ल्याचा समजतो.

२ जुलै आणि १६ ऑगस्टला मुख्य चौकात घोड्यांची शर्यत असते, पालिओ. एका वेळी १० मोहल्ल्यांचेच घोडे धावतात. तुम्ही जाल तेव्हा नसेल, पण मोहल्ल्याचा अभिमान तेवढाच असतो. कुठला मोहल्ला जिंकला हे दुकानदाराला विचारा, बिल बाजूला ठेवून सांगत बसतो. आमच्याकडे कोल्हापुरात तालमींचं जसं तसंच, म्हणून मला तिथे परकं वाटलंच नाही.

आणि टाउन हॉलमधलं भित्तिचित्र बघा, आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये काढलेलं. एका भिंतीवर चांगलं राज्य चाललं की गाव आणि शेतं कशी दिसतात, दुसरीकडे वाईट राज्यात काय होतं. चांगल्या बाजूला लोक पेरतायत, धान्य झोडतायत, वेशीतून जनावरं हाकत बाजारात चाललेत. बाहेर येऊन दरीकडे बघितलं तर टेकड्या त्याच. चित्र झालं आणि दहा वर्षांच्या आत, १३४८ ला प्लेग आला, गाव निम्म्याहून जास्त ओस पडलं म्हणतात. तेव्हा कॅथेड्रल प्रचंड वाढवायचं काम चालू होतं ते जे थांबलं ते थांबलंच. ती अर्धी भिंत अजून उभी आहे, वर चढता येतं.

मृद्गंध_पुणे

बापरे केवढी माहिती! तांबडा_रस्सा, वहीची आयडिया घेतली. मुलीने आत्ताच १७ चौकोन आखलेत.

खाण्याचं सांगा ना कुणीतरी. आईंचा प्रश्न आहे.

पुरणपोळी_प्रेमी

शाकाहाराची उपासमार होत नाही पण विचारून खावं लागतं.

१. अंडं : ताजा घरचा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, पापार्देल्ले, यात बहुतेक वेळा अंडं असतं. सुका पाकिटातला पास्ता रव्याचा, त्यात नसतं. सिएनाच्या बाजूला पिची नावाच्या जाड शेवया हाताने वळतात, त्या मूळच्या नुसत्या पीठ-पाण्याच्या, तरी विचारा. लसूण-टोमॅटोची पिची आईंना नक्की आवडेल.

२. चीज : पार्मेझान वासराच्या रेनेटशिवाय (दूध गोठवायला वासराच्या जठरातून काढतात ते) बनतच नाही. काटेकोर असाल तर 'काल्यो वेजेताले', म्हणजे वनस्पतीचं रेनेट, असं लिहिलेलं दुसरं चीज घ्या.

३. सूप : भाज्यांचं म्हणाले तरी पाणी मटणाचं असू शकतं, 'ब्रोदो' शब्द ऐकला की थांबा.

४. जेवण : रात्री साडेसातच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही. लहान मुलं आणि मोठी माणसं असतील तर किचन असलेलंच घर घ्या. तांदूळ-मूगडाळ न्या. साजूक तूप आणि पेढे नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' (टेबलावर बसल्याचा आकार) दिसेल, फसवणूक नाही, पद्धतच आहे.

सदाफुली

तिकडचा पाव अळणी असतो म्हणे?

तांबडा_रस्सा

हो, मीठच घालत नाहीत. पेरुजाला गाइडने सांगितलं की १५४० मध्ये पोपने मिठावर कर वाढवला, गाव उठलं, पोपच्या फौजेने ते मोडून काढलं आणि तेव्हापासून रागाने लोकांनी पावात मीठ घालणं सोडलं.

मिलानची_माहेरवाशीण

गोष्ट छान आहे आणि युद्ध खरंच झालं, पण पावाचं कारण तेच असं वाटत नाही. अळणी पाव टस्कनीतही आहे, जिथे त्या कराचा संबंध नव्हता. आणि फ्लॉरेन्सचे लोक दान्तेचा दाखला देतात, हद्दपारीत परक्याची भाकरी किती खारट लागते असं त्याने लिहिलंय, आणि तो गेला १३२१ मध्ये, म्हणजे कराच्या दोनशे वर्षं आधी.

त्या लढाईची खूण मात्र बघण्यासारखी आहे. पोपने गावच्या डोक्यावर किल्ला बांधला, त्याखाली विरोधकांचा अख्खा मोहल्ला गाडला. आज सरकते जिने त्या गाडलेल्या गल्ल्यांतून वर नेतात, वर छत, दोन्ही बाजूंना जुनी घरं. मृद्गंध, आईंसाठीही सोयीचं.

निशिगंधा

अळणी पाव ऐकून आश्चर्य कशाला, आपली ज्वारीची भाकरी कुठे मीठ घालून करतो? आई पहिल्या दिवशी नाक मुरडत होती, दुसऱ्या दिवशी तिलाच उमगलं की हा पाव एकटा खायचाच नाही, खारट पेकोरिनोबरोबर (मेंढीच्या दुधाचं चीज) खायचा, जसा भाकरीबरोबर ठेचा. आणि शिळा पाव तिथे कुणी टाकत नाही. टोमॅटोत शिजवून पाप्पा अल पोमोदोरो, भाज्या-बीन्सबरोबर पुन्हा उकळून रिबोल्लिता. आई म्हणाली हा तर कुस्करा. आम्ही राहिलो त्या घरच्या मालकीणबाईंना तिने मराठीत सांगितलं, त्यांनी इटालियनमध्ये उत्तर दिलं, आणि दोघींना सगळं कळलं. मला आजही तो ओटा दिसतो, दोन बायका शिळ्या पावावर बोलत उभ्या.

अक्कलकोट_एक्सप्रेस

थोडा विरोधी सूर. पहिल्यांदा इटलीला जाताय (टूरची बस सोडली तर) आणि आईंना रोम-व्हॅटिकन दाखवणार नाही? त्यांना परत जायला मिळेलच असं नाही. दगडी गावं तिसऱ्या दिवशी सगळी सारखी दिसतात हो. माझ्या वडिलांनी पाचव्या चर्चनंतर आत यायचंच बंद केलं होतं.

भटक्या_सातारकर

पाच चर्च का दाखवली मग? दिवसाला एक गाव, गावात एक गोष्ट, बाकी चौकात बसायचं. दुपारी एक ते चार तसंही अर्धं गाव बंद असतं, तेव्हा घरी जाऊन झोपावं.

अक्कलकोट_एक्सप्रेस

ते पटलं. पण रोमचं म्हणणं सोडत नाही.

निशिगंधा

दोन्ही जमतं. ऑर्व्हिएतो रोम-फ्लॉरेन्सच्या रेल्वेमार्गावरच आहे. स्टेशनसमोरून केबलची ट्रेन कड्यावर नेते, आणि वर पोचल्या पोचल्या सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवा इथे येऊन राहिला. कड्यावरचं गाव, वेढा पडला तर पाणी कुठून? म्हणून ५३ मीटर खोल विहीर खोदली. आत दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरतात, प्रत्येकी २४८ पायऱ्या, उतरायचा वेगळा आणि चढायचा वेगळा, म्हणजे पाण्याची खेचरं समोरासमोर येणारच नाहीत. भिंतीत खिडक्या आहेत त्यातून मुलं पलीकडच्या जिन्यावरच्या बाबांना हाका मारत होती. काम १५३७ ला संपलं, तोवर तो पोप गेला होता.

लिंबची बारामोटेची विहीर बघितलेल्या मुलांना हे जास्त भावतं, आमच्यांनी लगेच तुलना सुरू केली. आईंनी उतरू नये, वरच्या बागेत बसावं.

कोकणकडा_९

मृद्गंध, तुमच्या वाटेवर दोन जागा आहेत, टूरवाले दाखवत नाहीत.

एक फ्लॉरेन्समध्ये. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना तिथे वारले, ३० नोव्हेंबरला, विशीतलं वय. दहनाची तिथे पद्धत नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. कास्चिने बागेच्या टोकाला तिथेच त्यांची छत्री आहे, १८७४ ची, आत अर्धपुतळा. जवळच्या पुलालाही 'भारतीयाचा पूल' असंच नाव पडलंय. बाग सपाट आहे पण लांब, आईंसाठी टॅक्सी करा.

दुसरी मोन्तोने, पेरुजाच्या उत्तरेला टेकडीवरचं छोटं गाव. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, आमच्या माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले, हे एकटे धावत गेले, गोळ्या संपल्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने लढले. ठाणं घेतलं आणि मग गोळी लागून गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, थडगं सापडत नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय.

आमच्याकडे माणगावला त्यांचा पुतळा आहे, शाळेत असताना २६ जानेवारीला तिथून फेरी जायची. इटली म्हणजे कुठे हे तेव्हा माहीत नव्हतं. मोन्तोनेला गेलो तेव्हा जुलै होता, खाली टायबरचं खोरं, सूर्यफुलं, आणि अशा शांत जागी आपल्या गावचा पोरगा येऊन गेला हे आत उतरायला वेळ लागला. एका स्थानिक आजोबांनी विचारलं कुठून आलात, मी नाव दाखवलं आणि म्हटलं यांच्या गावाकडून. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

सदाफुली

कोकणकडा, वाचून डोळे भरले. हे माहीतच नव्हतं.

तांबडा_रस्सा

छत्रीचं आमच्याकडे घराघरात माहीत आहे, तरी फ्लॉरेन्सला जाऊन मी गेलो नाही. चूकच झाली. पुढच्या वेळी आधी तिथे.

हिंजवडी_टू_होम

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीला गर्दी असते, थांबू नका.

मृद्गंध_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस रात्री हा धागा घरात मोठ्याने वाचला जातोय. असं ठरवलंय :

फ्लॉरेन्सला उतरून छत्री बघायची, मग ट्रेनने लुक्का, तिथे ३ रात्री. तिथून सिएना १ रात्र, वहीसकट. मग गाडी घेऊन पिएन्झाजवळ शेतघरात ५ रात्री, किचन असलेलं घर मिळालंय. ऑर्व्हिएतोला गाडी परत करून शेवटच्या २ रात्री रोम (अक्कलकोट_एक्सप्रेस, तुमचं ऐकलं). सान जिमिन्यानो आणि असिसी सोडले, वाईट वाटतंय पण सोडले. नवरा अंधार पडायच्या आत घरी हा नियम करून निघणार.

शेतघराच्या दिवसांत एक दिवस मोन्तोने. येऊन-जाऊन बराच प्रवास आहे, मी कां-कूं करत होते, पण आईंनी स्वतः सांगितलं की बाकी काही राहिलं तरी चालेल, तिथे जायचं. त्या विचारतायत की तिथे वाहायला फुलं मिळतील का? आम्ही तिथे साधारण ३ नोव्हेंबरला असू.

मिलानची_माहेरवाशीण

मिळतील, आणि कुठली ते सांगते. २ नोव्हेंबर हा इथे गेलेल्या माणसांचा दिवस. त्या आठवड्यात प्रत्येक गावात, पेट्रोल पंपाशेजारीसुद्धा, शेवंतीच्या कुंड्या विकायला असतात. पिवळी, पांढरी, जांभळट. लोक त्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवतात. आईंना सांगा शेवंतीच घ्या.

फक्त शेतघराच्या मालकीणबाईंना भेट म्हणून शेवंती देऊ नका, इथे ती फक्त गेलेल्यांचीच.

मृद्गंध_पुणे

आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, पिवळी बघ.